२ एचपीचा पट्ट्याचा कॉम्प्रेसर टाकी भरायला दुप्पट वेळ घेतोय: रिंगा बदलाव्यात, नवीन ब्लॉक घ्यावा की पूर्ण मशीन?

रंधा_कुडाळ

नमस्कार मंडळी. फर्निचरच्या वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर आहे. २ एचपी, सिंगल फेज, दोन सिलिंडर, सिंगल स्टेज, पट्ट्यावर चालणारा, टाकी १०० लिटर. बोअर ६५ मिमी, स्ट्रोक ४५ मिमी, प्लेटवर ८५० आरपीएम. प्रेशर स्विच ६ किलो दाबाला चालू होतो, ८ ला बंद.

सध्याची अवस्था अशी:

टाकी शून्यापासून ८ किलोपर्यंत भरायला ११ मिनिटं लागतात. नवा असताना ५ मिनिटांच्या आत भरायची. ७ च्या पुढे काटा जेमतेम हलतो. एका सिलिंडरचं हेड दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापतं. मोटर बंद झाल्यावर प्रेशर स्विचखालून जी हवा सुटते ती थांबतच नाही, टाकी उतरेपर्यंत फुसफुस चालू. ड्रेन कॉक उघडला की पाण्याबरोबर तेल येतं, दुधाळ रंगाचं. मेलामाइन पॉलिश मारताना फळीवर बारीक गोल खड्डे पडतात. आणि पुन्हा चालू होताना अधूनमधून मोटर नुसती गुंऽऽ करते, मग एमसीबी पडतो.

वापर: ब्रॅड नेलर, ब्लो गन आणि स्प्रे गन. रिंग किट टाकून भागेल का? की फक्त वरचा ब्लॉक (सिलिंडर-पिस्टनचा पंप) नवीन बसवावा? की आता पूर्ण मशीनच बदलायची वेळ आली? उघडण्याआधी काय काय तपासायचं तेही सांगा.

---

हवा_मोजा

भाऊ, आधी हिशोब बघा म्हणजे मशीन किती थकलीय ते आकड्यात कळेल.

१०० लिटरची टाकी ८ किलोपर्यंत भरायला बाहेरची साधारण ८०० लिटर हवा लागते. ११ मिनिटांत ८०० म्हणजे मिनिटाला ७३ लिटर, जेमतेम अडीच सीएफएम (मिनिटाला घनफूट). तुमच्या पंपाचं नुसतं विस्थापन (पिस्टन मिनिटाला जेवढी जागा झाडतात ती) काढलं तर ६५ च्या बोअरला ४५ स्ट्रोक म्हणजे एका सिलिंडरचे १४९ सीसी, दोघांचे २९८, गुणिले ८५० म्हणजे मिनिटाला सुमारे २५४ लिटर, ९ सीएफएम. यातली ६० ते ६५ टक्के हवा प्रत्यक्ष टाकीत पोचली की अशा सिंगल स्टेज पंपाची तब्येत ठीक समजायची. म्हणजे १५५ ते १६५ लिटर यायला हवेत आणि तुमच्याकडे त्याच्या निम्मेसुद्धा येत नाहीत. एवढी घट एकट्या रिंगांमुळे सहसा होत नाही. तुमची लक्षणं वाचून किमान तीन जागा संशयास्पद वाटतात: एनआरव्ही (टाकीची हवा उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह), एका सिलिंडरची व्हॉल्व्ह प्लेट आणि रिंगा.

काही न उघडता पुढचं तपासा.

टाकी ८ किलोला भरा, मेन स्विच बंद करा, बाहेर जाणारा कॉक बंद करा. मोटर थांबल्यावर प्रेशर स्विचच्या अनलोडरमधून दोनतीन सेकंद हवा सुटणं बरोबर आहे, ती हेडपासून टाकीपर्यंतच्या कॉपर पाइपमध्ये अडकलेली हवा असते. ती थांबत नसेल तर बहुधा टाकीची हवा एनआरव्हीतून उलटी येतेय. तुमची मोटर गुणगुणण्याचा अर्धा संबंध इथेच आहे. एनआरव्ही धरत नसल्यामुळे कॉपर पाइप कधीच पूर्ण रिकामा होत नाही आणि पिस्टनला सुरुवातीलाच दाबाविरुद्ध उठावं लागतं.

मग मशीन चालू करून एकेक एअर फिल्टर काढा आणि तोंडाशी तळहात धरा. हात सारखा आत ओढला गेला पाहिजे. आत-बाहेर, आत-बाहेर असे फटके बसत असतील तर त्या सिलिंडरची सक्शनची (हवा आत घेणारी) पाती बसत नाही. ओढही नाही आणि फटकाही नाही, पण हेड मात्र भट्टी झालंय, असं असेल तर डिलिव्हरीची (हवा टाकीकडे सोडणारी) पाती गळतेय: दाबलेली गरम हवा परत सिलिंडरमध्ये येते आणि तीच पुन्हा दाबली जाते. एक हेड जास्त तापतं म्हणताय, त्यावरून माझा अंदाज हाच आहे.

शेवटी ब्रीदर (क्रँककेसची हवा बाहेर सोडणारं तोंड). ७-८ किलोला चालू असताना ब्रीदरमधून थोडा श्वास येणारच. धूर आणि तेलाचे थेंब घेऊन जोराचे झटके येत असतील तर रिंगांतून हवा खाली क्रँककेसमध्ये उतरतेय.

तिन्ही निकाल इथे टाका. त्याशिवाय किट मागवू नका.

---

टाकी_आधी

वरचं सगळं बरोबर आहे, पण त्याच्याही आधी टाकी. टाकी सडलेली असेल तर वरच्या ब्लॉकवर खर्च करणं व्यर्थ आहे.

कोकणातल्या हवेत आतून गंज किती लागतो याची कल्पना आकड्यातून घ्या. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. एका भरणीत ८०० लिटर हवा आत गेली म्हणजे १९ ग्रॅम पाणी आत गेलं. हवा थंड झाल्यावर टाकीतल्या १०० लिटर जागेत वाफ म्हणून जेमतेम ३ ग्रॅम राहू शकतं. बाकीचं १५-१६ ग्रॅम तळाला साचतं, आणि हे फक्त एका भरणीचं. दिवसाला दहा भरण्यांइतकी हवा वापरली तर दीडशे मिली पाणी रोज तळाच्या पत्र्यावर पडून राहतं. म्हणून टाक्या नेहमी खालच्या बाजूने, ड्रेनच्या आजूबाजूला आणि पायाच्या वेल्डिंगजवळ सडतात.

तपासणी: टाकी पूर्ण रिकामी करा. तळाचा रंग खरवडून फोड आलेत का, घाम फुटल्यासारखी ओल दिसते का ते बघा. छोट्या हातोडीने वरच्या आणि खालच्या पत्र्यावर ठोका. वर खणखणीत आणि खाली बद्द आवाज आला तर पत्रा पातळ झालाय. मग पाण्याची टेस्ट. सगळी फिटिंग काढून भोकांना प्लग लावा, टाकी काठोकाठ पाण्याने भरा, आत हवेचा फुगा राहू देऊ नका. प्लंबरकडे पाइपलाइन तपासायचा हातपंप असतो, त्याने कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे तुमच्यासाठी १२ किलो करा आणि अर्धा तास ठेवा. काटा उतरला, ओल दिसली किंवा पत्रा फुगला तर टाकी बाद.

ही टेस्ट हवेने कधीही करायची नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी पाणी गळून दाब लगेच पडतो. हवेत मात्र सगळी ताकद साठलेली असते आणि ती एका क्षणात मोकळी होते. पत्र्याचे तुकडे उडून माणसं मेली आहेत ती याच प्रकारात.

पिनहोल पडलं तर वेल्डिंगचं ठिगळ, एम-सील, रबरपट्टी आणि क्लॅम्प यातलं काहीही चालणार नाही. भोक पडलं याचा अर्थ भोवतालचा तळहाताएवढा पत्राही कागद झालाय. अशा टाकीला वरून भोकं पाडून भंगारात द्या, म्हणजे दुसरं कोणी ती वापरणार नाही.

सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून बघा. हवा सुटली पाहिजे आणि सोडल्यावर बंद झाली पाहिजे. अडकला असेल तर नवीनच टाका, तो दुरुस्त करायचा भाग नाही.

---

रंधा_कुडाळ

सगळ्यांचे आभार. तपासलं, त्याचे निकाल:

टाकी १२ किलोला अर्धा तास धरली, काटा हलला नाही, ओल नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह ठीक. एनआरव्ही उघडली, आतल्या टेफ्लॉनच्या चकतीवर गोल खाच पडलीय आणि वर काळी खर. डाव्या सिलिंडरला तळहात नीट ओढला जातो. उजव्याला ओढ फारच कमी आणि तेच हेड तापतं. ब्रीदरमधून धुराचे झटके येतात.

आता ब्लॉक उघडायचा आहे. क्रम आणि मापं सांगाल का?

---

उद्यमनगर_फिटर

टाकी चांगली आहे म्हणजे दुरुस्तीला अर्थ आहे. प्लग काढून ठेवा (नुसता स्विच बंद पुरत नाही, प्रेशर स्विच स्वतःहून मशीन चालू करतो), टाकी शून्यावर आणा, तेल उतरवा. उतरवलेल्या तेलात चमचमणारी भुकटी दिसली तर कनेक्टिंग रॉड खाल्ला जातोय असं समजा.

हेडचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने अर्धा अर्धा फेरा सैल करा. काढण्याआधी हेड, व्हॉल्व्ह प्लेट आणि सिलिंडर यांच्या कडेवर एकाच रेषेत खूण करा. प्लेट उलटी बसली तर सक्शन-डिलिव्हरीची अदलाबदल होते.

व्हॉल्व्ह प्लेट. उजव्या डिलिव्हरीच्या पातीखाली काळा कोळसा सापडेल. ८ किलोला दाबलेली हवा हिशोबाने ३०० अंशांजवळ जाते, सिलिंडरच्या पंख्यांमुळे प्रत्यक्षात १५० ते २०० राहते. तेवढ्या उष्णतेत वर आलेलं तेल जळून पातीखाली चिकटतं. डिझेल आणि पितळी ब्रशने साफ करा, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, सीटवर पडलेला एक चरासुद्धा गळतो. पाती उजेडासमोर पट्टीला लावून बघा. वाकलेली, कडेला टवका उडालेली किंवा केसाएवढी चीर असलेली पाती टाकून द्या. जुनी पाती घासून सपाट करायचा मोह टाळा, पातळ झालेली पाती तुटून पिस्टनवर पडते आणि मग बोअर गेलाच. सीट मात्र घासता येते: जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर, वर थोडं तेल, प्लेट इंग्रजी आठच्या आकारात फिरवायची, मग ८०० नंबर. सीटभर एकसारखी करडी छटा आली की थांबा. प्लेट जोडून डिलिव्हरीच्या बाजूने डिझेल भरा आणि पाच मिनिटं ठेवा. थेंब पडता कामा नये.

रिंगा. पिस्टनवरून रिंग काढून बोअरमध्ये टाका, पिस्टनच्याच डोक्याने सरळ २० मिमी खाली ढकला आणि फिलर गेजने फट मोजा. ६५ च्या बोअरला नवीन रिंगची फट ०.२० ते ०.३५ असते. ०.८ च्या पुढे गेली की बदला. तीच रिंग तळाशी ढकलून पुन्हा मोजा. वरच्या आणि खालच्या फटीत ०.३० चा फरक आला तर बोअरच वर ०.१० ने मोठा झालाय, कारण व्यास एक वाढला की फट ३.१४ ने वाढते. बोअर डायल असेल तर तीन पातळ्यांवर, प्रत्येकी आडवं-उभं मापा. ०.१० पर्यंतचा फरक होनिंग (दगडाने बोअर हलकं घासणं) आणि नवीन रिंगांवर चालून जातो. त्यापुढे बोअरिंग करून ओव्हरसाइझ पिस्टन लागतो, आणि एवढ्या लहान पंपांना तो बहुधा मिळतच नाही.

होनिंग २४० ग्रिटच्या दगडाने, तिरक्या फुल्या पडतील इतकंच. चकाकी मोडायची आहे, माप वाढवायचं नाही. नंतर बोअर गरम पाणी आणि साबणाने धुवा. डिझेलने धुतलं तर दगडाची भुकटी चरांत राहते आणि नव्या रिंगांना खाते. पांढरं कापड फिरवून काळं येईनासं झालं की ताबडतोब तेल लावा, तुमच्याकडच्या हवेत उघड्या बिडाला तासाभरात तांबूस छटा येते.

रिंगेवर 'टॉप' ची खूण असेल ती बाजू वर. तीन रिंगांच्या फटी एकमेकींपासून १२० अंशांवर. रॉड खाली ओढून वर ढकलल्यावर टक् आवाज आला तर गजन पिन (पिस्टन-रॉड जोडणारी) किंवा बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) ढिला आहे. या मापाच्या बऱ्याच पंपांत बिग एंडला वेगळं बेअरिंग नसतं, ॲल्युमिनियमचा रॉड थेट क्रँकवर फिरतो, त्यामुळे अख्खा रॉडच बदलावा लागतो. रॉडच्या टोकाला तेल उडवणारा चमचा असतो. त्याचं तोंड आधी ज्या बाजूला होतं त्याच बाजूला ठेवा.

पॅकिंग. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. कापून आणलेलं जाड पॅकिंग घातलं की मशीन चालते पण हवा कमी देते. पिस्टन आणि प्लेटमधली फट अर्धा मिमी वाढली तर १.६६ सीसी जागा वाढते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तेवढ्या जागेत अडकलेली ८ किलोची हवा पिस्टन खाली जाताना पाचपट फुगते आणि ताज्या हवेची जागा घेते, त्यामुळे जवळजवळ ५ टक्के हवा कमी होते. जुनं पॅकिंग व्हर्नियरने मोजा आणि तेच माप घ्या. खात्रीसाठी पिस्टनच्या डोक्यावर सोल्डरची बारीक तार ग्रीसने चिकटवा, हेड कसा, पुली हाताने एक फेरा फिरवा आणि चेपलेली तार मोजा. ०.३ ते ०.५ मिमी हवी. त्याहून कमी आली तर तापल्यावर पिस्टन प्लेटला ठोकेल.

एम-८ चे बोल्ट असतील तर समोरासमोरच्या क्रमाने तीन टप्प्यांत ८, १५, २२ न्यूटन-मीटर. पहिल्यांदा तापून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा एकदा कसा.

तेल. व्हीजी १०० चं कॉम्प्रेसर ऑइल, काचेच्या लाल ठिपक्याच्या मध्यापर्यंत. इंजिन ऑइलमधली डिटर्जंट पाण्याला तेलात मिसळून धरतात आणि जळल्यावर पातीवर राख सोडतात. जास्त भरलेलं तेलही वरच जातं.

ड्रेन कॉक उघडा ठेवून अर्धा तास बिनदाबाने चालवा, मग अर्धा तास ३ किलोच्या आसपास, मग पूर्ण दाब. ५० तासांनी तेल बदला, पुढे ३०० तासांनी.

---

वाइंडिंगवाला

मोटरबद्दल कोणी लिहिलं नाही. एनआरव्ही आणि अनलोडर दुरुस्त झाल्यावरही गुणगुणत असेल तर व्होल्टेज मोजा, आणि तेही चालू होतानाच्या क्षणी, मोटरच्या टर्मिनलवर. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. २३० च्या जागी १९० मिळाले तर जोर ६८ टक्केच उरतो. लांब एक्स्टेंशन बोर्ड असेल तर तो आधी काढा. या मोटरला बोर्डापासून थेट किमान २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि सी-कर्व्हचा एमसीबी हवा. बी-कर्व्हचा एमसीबी मोटर निरोगी असली तरी चालू होताना पडू शकतो.

व्होल्टेज ठीक असेल तर स्टार्टिंग कपॅसिटर मोजा, लिहिलेल्या आकड्यापेक्षा बराच खाली असेल तर बदला. पट्टा काढून मोटर एकटी चालवा: झटकन फिरली तर दोष पंपाच्या बाजूला, तेव्हाही गुणगुणली तर कपॅसिटर किंवा सेंट्रिफ्यूगल स्विचमध्ये.

पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबला की १० ते १२ मिमी दबावा. दोन्ही पुल्यांच्या तोंडावर दोरा ताणून धरा, चारही कडांना टेकला पाहिजे. मोटरची पुली मोठी टाकून जास्त हवा मिळवायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका, हेड आणि मोटर दोन्ही जळतील.

---

रंधा_कुडाळ

उघडलं. उजव्या डिलिव्हरीची पाती कडेला तुटलेली, सीटवर कोळसा. रिंगेची फट उजवीकडे वर १.१०, तळाशी ०.९५. डावीकडे वर ०.९०, तळाशी ०.८०. रॉडला आवाज नाही. तेलात भुकटी नाही. आता ब्लॉक की किट?

---

ब्लॉक_नवा

माझा कल एरवी नवीन ब्लॉककडे असतो. जुना बोअर, जुना क्रँक, त्यात नवीन रिंगा, आणि हवा कुठे पाऊणपटीवर येते. ब्लॉक घ्यायचाच झाला तर चार गोष्टी जुळवा: पायाच्या भोकांचं अंतर, शाफ्टचा व्यास आणि चावी, डिलिव्हरीचा आटा, आणि आरपीएम. मोटर १४४० ची, पुली १७५ मिमी आणि पंपाची ३०० असेल तर पंप ८४० ने फिरतो. नव्या ब्लॉकवर ७०० लिहिलं असेल तर मोटरची पुली १४५ ची घ्या. पुलीच्या पंख्यांची हवा सिलिंडरवर आली पाहिजे, बाणाची दिशा बघा. कोल्हापूरचं उद्यमनगर किंवा मुंबईची नागदेवी स्ट्रीट इथे नमुना घेऊन गेलात तर जोड मिळतो.

दुकानात प्लेटवरचा सीएफएम वाचताना विचारा, तो विस्थापनाचा आहे की प्रत्यक्ष मिळणाऱ्या हवेचा. बहुतेक प्लेटांवर पहिलाच असतो.

ऑइल-फ्री सायलेंट मशीन नेलरसाठी उत्तम, आवाज कमी, हवेत तेल नाही. पण स्प्रेसाठी सलग चालवली तर पिस्टनवरची टेफ्लॉनची रिंग लवकर जाते. तुमच्या कामाला पट्ट्याचीच ठेवा.

---

उद्यमनगर_फिटर

या मापांवर ब्लॉक नको. उजवीकडे वर-खाली ०.१५ चा फरक म्हणजे बोअर ०.०५ ने मोठा, डावीकडे ०.०३. दोन्ही होनिंगमध्ये निभावतात. रॉड शाबूत आहे. दोन्ही बाजूंचा रिंग सेट, चारही पात्या, पॅकिंग सेट, एनआरव्हीची चकती (अख्खी पितळी एनआरव्ही मिळाली तर तीच), दोन फिल्टरचे फोम आणि क्रँकचं ऑइल सील. कॉपर पाइप काढून आतून बघा, कोळशाने निम्मा बुजलेला असू शकतो. तार फिरवून साफ होत नसेल तर नवीन टाका.

जोडल्यावर टाकी शून्यापासून ८ पर्यंत भरून वेळ घ्या. सव्वापाच मिनिटांच्या आत आलं तर काम झालं. ७ च्या वर लागली तर पॅकिंगची जाडी आणि डिलिव्हरीच्या पात्या परत बघा, रिंगा बसायला तर काही तास जातातच.

---

हवा_मोजा

स्प्रेबद्दल एक राहिलं. सुधारल्यावर मशीन साडेपाच सीएफएमच्या आसपास देईल. मोठ्या एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा वापरणाऱ्या) गनला ८ ते १२ लागतात, तिथे ही पुरणार नाही, टाकी मोठी केली तरी नाही, कारण टाकी हवा साठवते, तयार करत नाही. १.३ किंवा १.४ नोझलची कमी हवेची गन घ्या. रेग्युलेटरचा दाब ट्रिगर दाबलेला असताना वाचा.

फळीवरचे खड्डे तेलाचे आहेत. रिंगांनंतर कमी होतील, पण टाकीतलं आणि जुन्या होजमधलं तेल निघत नाही तोवर जाणार नाहीत. होज नवीन घ्या आणि स्प्रेसाठी वेगळाच ठेवा. वॉटर सेपरेटर टाकीला चिकटून लावू नका, तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपात सरळ पार होतं. टाकीपासून ६ ते ८ मीटर पाइप, किंचित उतार, शेवटी खाली उतरणारा फाटा आणि त्यावर ड्रेन, आणि सेपरेटर त्याच्या अलीकडे वरच्या टी-मधून काढलेल्या लाइनवर, गनच्या जवळ. पावसाळ्यात मेलामाइन पांढरट पडतं त्यात या पाण्याचा वाटा असतो. बाकीचा बाहेरच्या दमट हवेचा, त्याला रिटार्डर थिनर लागतो.